परातीएवढं सर्कल

संध्याकाळी क्लासची गाडी झाडायला घेतली की सीटखाली काहीतरी सापडतंच. केसांचा चाप, टिकल्यांचं पाकीट, अर्धी खाल्लेली चिक्की, एकदा तर चक्क जोडवं! बायका गाडी शिकायला येतात आणि घाबरण्याच्या नादात काही ना काही टाकून जातात. किस्स्यांचंही तसंच आहे. रोज एखादा गाडीत पडलेला असतो. वस्तू जिची तिला परत देता येते, पण किस्सा कुणाला परत देणार? तो मग माझ्याकडेच राहतो.

आमचा मोटार ड्रायव्हिंगचा क्लास आहे. आमचे हे पुरुषांना शिकवतात, मी बायकांना. माझं शिक्षण दहावीपर्यंतच झालं. पण क्लासच्या गाडीत माझ्या पायाखाली जादाचा ब्रेक आहे आणि या धंद्यात पदवीपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो!

क्लास कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत आहे. दारासमोर चार बोळ येऊन मिळतात आणि त्यांच्या मधोमध एक सर्कल आहे. म्हणजे ज्याला माहीत आहे त्याला ते दिसतं. लग्नकार्यात कणीक मळायला मोठी परात लागते ना, ती पालथी घातली तर जेवढी दिसेल तेवढंच. वर पिवळेकाळे पट्टे ओढलेत. सगळे त्याला ‘परात’च म्हणतात. पुढच्या चौकातल्या सर्कलचं नाव ‘तुळस’, कारण ते वृंदावनाएवढं आहे. त्याच्या पलीकडचं ‘कारंजं’, ज्यात पाणी असलंच तर बादलीभर असतं.

एकदा एका रिक्षावाल्याचं चाक परातीवर चढलं. तो खाली उतरला, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिला आणि मला म्हणाला, “बाई, ह्ये सर्कल न्हाय. रस्त्याला टेंगूळ आलंय!”

* * *

शालनकाकू आमच्याकडे आल्या त्या शाळा उघडायच्या सुमाराला. पंचावन्न ओलांडलेल्या, अंगाने सडपातळ, बोलायला खणखणीत. मागच्या वर्षी त्यांचे मालक वारले. त्यांनी हौसेने घेतलेली पांढरी गाडी घरासमोरच्या पत्र्याखाली उभी होती. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. मुलगा अमर पुण्यात नोकरीला. त्याचं म्हणणं, गाडी नुसती उभी राहून गंजतेय, दसऱ्याच्या आत गिऱ्हाईक घेऊन येतो.

काकू माझ्यासमोर खुर्चीत बसल्या आणि एका दमात सगळं सांगून मोकळ्या झाल्या. “म्हस ईक म्हणाला, ईकली. मळ्यातलं घर भाड्यानं दे म्हणाला, दिलं. आता गाडी ईक म्हणतोय. ही मी न्हाय ईकणार. पर बाई, चालवायलाच येत नसंल तर कुठल्या तोंडानं न्हाय म्हणू? तेवढं मला शिकवा.”

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी त्यांना परातीकडे नेलं. म्हटलं, “काकू, आता त्या सर्कलला वळसा घ्यायचा.”

“कुठल्या?”

“ते काय, समोर.”

“समोर तर स्कूटर हाय.”

बघते तर खरंच! कुणीतरी परातीवर स्कूटर स्टँडला लावून ठेवली होती. खाली सर्कल आहे याचा पत्ताच लागत नव्हता. मी हॉर्न वाजवला. शेजारच्या सलूनमधून एक गृहस्थ गळ्याला टॉवेल आणि अर्ध्या गालाला साबण अशा अवतारात बाहेर आले.

“अहो, सर्कलवर कुणी गाडी लावतं का?”

“बाई, तुमच्याच सोयीनं लावलीया की! रस्त्यात लावली आस्ती तर तुमास्नी अडचण झाली आस्ती. म्हणून मधी लावली!”

काकू खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाल्या, “शाणा हाय की ह्यो! माझी गाडी रस्त्यावर आली की मीबी हितंच लावतो!”

* * *

परातीजवळच तालमीचा कट्टा आहे. तिथे आमच्या पेठेतले वस्ताद बसतात. आयुष्यभर पोरांना कुस्ती शिकवली, आता गुडघे दुखतात म्हणून फक्त बघतात. बघायला रोज कुस्ती नसते, तेव्हा ते माझा क्लास बघतात. आणि गप्प बसून बघणं त्यांना जमत नाही!

काकूंची गाडी वळायला लागली की कट्ट्यावरून आवाज येई. “आली... आली... पट काढला... धर, धर... आरारा, चाक चढलं!”

काकू पहिल्यांदा बिचकल्या. दुसऱ्यांदा लाजल्या. तिसऱ्यांदा त्यांनी गाडी भर चौकात थांबवली, काच खाली केली आणि म्हणाल्या, “वस्ताद, पैलवान लढत असताना असं वरडायचं न्हाय. चित्त हालतं!”

वस्ताद उठून उभे राहिले. “चुकलं पैलवान!”

त्या दिवसापासून त्यांनी ओरडणं सोडलं. काकू आल्या की ते मान हलवतात. चाक चढलं तर आडवी, नाही चढलं तर उभी. जुलै सगळा आडव्या मानेत गेला.

* * *

सर्कलभोवती कुठल्या बाजूने जायचं हे बायकांच्या डोक्यात भरवायला मला फार दिवस लागायचे. मग एकदा मला सुचलं. मी सांगायला लागले, “हे बघा, देवाला प्रदक्षिणा घालतो ना, तशीच गाडी घालायची. देव आपल्या उजव्या हाताला.” त्यानंतर एकही बाई चुकली नाही. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात विमलताई आल्या. अतिशय देवभोळ्या. गाडी सुरू करण्याआधी स्टेअरिंगला नमस्कार, थांबवल्यावर हँडब्रेकला नमस्कार. त्यांनी परात नीट घातली, तुळस नीट घातली. मग आम्ही कारंज्यापाशी गेलो. त्या कारंज्याच्या मधे काळा गुळगुळीत दगड आहे आणि एका बाजूने पाणी बाहेर जायला पन्हळ काढलीय. विमलताई डावीकडून छान शिरल्या, पन्हळीपर्यंत आल्या आणि कचकन थांबल्या.

“काय झालं?”

त्यांनी रिव्हर्स टाकला आणि आल्या वाटेने मागे निघाल्या! मागे एक टेम्पो, त्याच्यामागे दुधाची गाडी, त्याच्यामागे आख्खी पेठ. हॉर्नचा नुसता कल्लोळ. मी माझा ब्रेक दाबून धरला. ट्रॅफिकचे हवालदार धावत आले.

“ओ बाई! उलट्या कुठं निघालासा?”

विमलताई घामाघूम होऊन म्हणाल्या, “साहेब, शंकराची प्रदक्षिणा अर्धीच घालतात. ती धार ओलांडायची नसते!”

हवालदारांनी वळून कारंज्याकडे पाहिलं. मधला काळा दगड पाहिला. पन्हळ पाहिली. टोपी काढून डोकं खाजवलं. मला वाटलं, आता पावती फाडणार. तर ते टेम्पोवाल्यावर ओरडले, “ए, माघारी घे की जरा! बाईंस्नी फिरू दे!”

* * *

रेहानाभाभी आमच्याकडे शिकायला येत तेव्हा गळ्यात टेप तशीच असायची. त्यांचं शिवणकाम मोठं, पेठेतल्या अर्ध्या नवऱ्या त्यांच्या ब्लाउजमध्ये उभ्या राहतात. त्याच सुमाराला मंडळाच्या पोरांनी वर्गणी काढून तुळशीच्या सर्कलला नव्या फरश्या बसवल्या. उद्घाटनाला पाहुणे बोलावले. मंडळाचा अध्यक्ष भाभींकडे आला. “भाभी, सर्कल झाकायला मखमलीचा पडदा पायजे. झालर लावा. पाव्हणं दोरी वढतील आणि पडदा पडंल.”

भाभींनी शिकता शिकताच गाडी थांबवली, उतरल्या, टेपने सर्कलचं माप घेतलं आणि परत स्टेअरिंगवर येऊन बसल्या. “चला बाई, फर्स्ट टाकू?”

उद्घाटनाच्या दिवशी आम्ही सगळ्या बघायला गेलो. शुभेच्छुकांच्या फोटोंचा फ्लेक्स एवढा मोठा होता की सर्कल त्याच्यामागे पार लपलं होतं. पाहुण्यांना हाताला धरून सर्कलपर्यंत न्यावं लागलं. त्यांनी दोरी ओढली. लाल मखमलीचा पडदा त्यांच्या हातात आला. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि हळूच विचारलं, “हा उशीचा अभ्रा आहे का?”

अध्यक्ष भाभींकडे बघून दातओठ खात म्हणाला, “भाभी, पडदा ल्हान झाला न्हवं?”

“पडदा बरोबर हाय, भाऊ,” भाभी म्हणाल्या. “सर्कलच उशीएवढं हाय, त्याला मी काय करू?”

वेळ मारून न्यायला कुणीतरी घाईने पाहुण्यांच्या हातात नारळ दिला. पाहुण्यांनी सर्कलच्या कडेवर नेम धरून आपटला. टणकन आवाज झाला. नारळ आख्खाच्या आख्खा! नव्या फरशीचा टवका मात्र उडाला.

गर्दीतून वस्तादांचा आवाज आला. “नारळ जितला!”

* * *

आता काकूंचा गृहपाठ. क्लासमध्ये रोज अर्धाच तास मिळतो, तेवढ्याने भागेना म्हणून काकूंनी घरीच सराव सुरू केला. अंगणात मधोमध परात पालथी घालायची, हातात स्टीलचं ताट धरायचं आणि तोंडाने गाडीचा आवाज काढत परातीभोवती फिरायचं. सकाळी अंघोळ झाली की हे सुरू. तेव्हा श्रावण होता.

पहिल्या दिवशी शेजारणीने कुंपणावरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती अंघोळ करून, हातात ताट घेऊन काकूंच्या मागे फिरायला लागली. ताटात हळदकुंकू, फुलं. काकूंचं लक्ष सगळं वळण्यावर. त्यांना वाटलं, हिलाही गाडी शिकायची असेल. दोन दिवसांनी आणखी तिघी आल्या. एकीने परातीला हळदकुंकू वाहिलं. काकू पुढे, त्यांच्या मागे चौघी, सगळ्यांच्या हातात ताटं. काकू थांबल्या की सगळ्या थांबायच्या, काकू वळल्या की सगळ्या वळायच्या.

शेवटी सगळ्यात मागची बाई धीर करून म्हणाली, “काकू, किती दिवस करायचं असतंया? आणि हे व्रत कुठलं?”

काकू पुढे बघतच म्हणाल्या, “मधी बोलू नगंस. सेकंड गिअर हाय!”

* * *

आता हा किस्सा म्हणावा की नाही, मला ठरवता येत नाही. त्या चौघींपैकी कुणीतरी पुण्याला अमरला फोन केला, “तुझी आई ताट घेऊन परातीभोवती फिरतीया, जरा येऊन बघून जा.” अमरचा मला फोन आला. मुलगा चांगला आहे, आवाज चढवला नाही. पण म्हणाला, “मॅडम, आईचं वय झालंय. तिला उगीच आशा लावू नका. ती कुठंतरी धडकली तर मी इथं पुण्यात बसून काय करू? गाडीला गिऱ्हाईक बघितलंय. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी घेऊन येतोय.”

त्याची भीती खोटी नव्हती. परातीवर अजून चाक चढत होतं.

मी हे काकूंना सांगितलं. वाटलं, रडतील. त्यांनी स्टेअरिंगवरचे हात तसेच ठेवले. म्हणाल्या, “येऊ दे. पावण्यांस्नी चा करतो, गाडी दावतो. त्यात काय.” मग गाडी सुरू केली, फर्स्ट टाकला आणि परातीभोवती गोल फिरून परत होत्या तिथे आणून उभी केली. कुठे धक्का नाही, कुठे घासलं नाही.

मी कट्ट्याकडे पाहिलं. वस्तादांची मान उभी हलत होती. थांबेचना!

सप्टेंबरात काकूंना पक्कं लायसन्स मिळालं. त्या दिवशी त्यांनी क्लासमध्ये सगळ्यांना खरवस वाटला. म्हैस नव्हती, तरी कुठूनसा चीक पैदा करून घरीच केला होता.

* * *

आणि मग तो रविवार.

अमर सकाळीच गिऱ्हाईक घेऊन आला. कागलकडचे एक पावणं, डोक्याला पांढरी टोपी, बोलायला मऊ. चहा झाला. पावणं गाडीभोवती फिरले, बॉनेट उघडून पाहिलं, टायर दाबून पाहिले. म्हणाले, “गाडी बेस हाय. जरा चालवून बघावी म्हणतो.”

“बसा की,” काकू म्हणाल्या. “मी दावतो चालवून.”

“आई, अगं—”

“तू म्होरं बस. पावणं, तुमी मागं.” काकूंनी सीटवरचं प्लास्टिक टराटरा फाडून काढलं आणि स्टेअरिंगवर बसल्या.

हे मला नंतर कळलं. मी पाहिलं ते एवढंच, की क्लासच्या दारात उभी असताना बोळातून पांढरी गाडी आली. आत काकू, ताठ. शेजारी अमर, त्याने वरची कडी धरलेली. मागे पांढरी टोपी. गाडी परातीला आली आणि अशी काही सुरेख वळली, की कट्ट्यावर वस्ताद उभे राहिले. वळसा झाला की त्यांनी घराकडच्या बोळात शिरायचं होतं. काकू शिरल्या नाहीत. समोरच्या रस्त्याने सरळ निघून गेल्या. मला वाटलं, पावण्यांना मोठा फेरा दाखवत असतील.

दुपारी मी भाकरी थापत होते. फोन वाजला. काकू.

“बाई, वाडीत हाय मी.”

“कुठल्या वाडीत?”

“नरसोबाच्या! दर्शन झालं, परसाद झाला, कवठाची बर्फी घेतली.”

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. “एवढ्या लांब? आणि अमर? आणि ते पावणं?”

“समदी हायत की. कुठं जात्यात? बाई, एक अडचण झालीया. गाडी वळवायची हाय.”

“मग वळवा की! कुठं आहे गाडी?”

“मैदानात. पार्किंगच्या.”

“गर्दी आहे का?”

“कोणबी न्हाय. समदं मोकळं हाय. त्येच तर! मधी कायच न्हाय ना बाई. वळू कशाभवती?”

मागून अमरचा आवाज आला, “आई, उतर. दे हिकडं, मी वळवतो.”

“तू हात लावू नगंस. गाडी माझी हाय.”

मग पावण्यांचा मऊ आवाज. “अवो बाई, माझं काय? मी गाडी घ्यायला आलतो!”

“तुमी उतरा पावणं. हां. जरा हिकडं या, मैदानात. आणखी म्होरं. थोडं डावीकडं. बास! हितं मधी हुबं ऱ्हावा.”

“बाई, हातात बर्फीचा पुडा हाय माझ्या.”

“असू द्या की. तसंच हुबं ऱ्हावा.”

दार लागल्याचा आवाज आला. फोन सीटवर ठेवला असावा, कारण पुढचं सगळं लांबून ऐकू यायला लागलं. गाडी सुरू झाली. फर्स्ट गिअर पडला. चाकाखाली खडी करकरली. आणि मग अमर खिडकीतून जिवाच्या आकांताने ओरडला,

“पावणं, हलू नका! आई वळतीया!”